खराब कॉइल एक, बिल मात्र चारचं

गाडी एमएच १३ म्हणजे सोलापूर पासिंगची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, बाहेरून सीएनजी किट बसवलेली. मे महिन्यात तुळजापूरचा घाट चढताना झटके खायला लागली आणि चेक लाइट लुकलुकायला लागला. मालकाने ती शहरातल्या एका गॅरेजला दाखवली. तिथे स्कॅनर लावला, इंजिनावरचं कव्हर काढलं आणि दहा मिनिटांत निकाल दिला: "चारही कॉइल गेल्यात साहेब. कंपनीच्याच टाकू, शोरूमपेक्षा निम्म्यात." कॉइल म्हणजे सिलिंडरच्या प्लगला ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज पुरवणारा पार्ट. चार कॉइलचे ६,८०० रुपये घेतले. पावती म्हणून वहीच्या पानावर नुसता आकडा दिला. जुन्या कॉइल गॅरेजमध्येच राहिल्या.

तीन आठवडे गाडी बरी चालली. मग इंजिन तापलं की पुन्हा मिसिंग, तेच झटके. परत नेली तर आधी "पेट्रोल भेसळीचं आहे" म्हणाले, मग इंजेक्टर साफ करण्याचे वेगळे पैसे लावले, आणि शेवटी "ईसीएम गेलाय, पंचवीस हजार लागतील" इथपर्यंत गोष्ट आली. ईसीएमला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, काहीही झालेलं नव्हतं.

मालकाने एक काम चांगलं केलं होतं. पहिल्या दिवशी स्कॅनरच्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढला होता. त्यात बिघाडाचा एकच कोड होता, पी ०३०३. म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं इंधन नीट पेटत नाही. एक, दोन आणि चार नंबरबद्दल त्या स्क्रीनवर अक्षरही नव्हतं. चार कॉइल बदलायला तिथे आधारच नव्हता.

कोडचा अर्थ गाडीमालकाने स्वतः समजून घ्यावा, तो अवघड नाही. पी ०३०० म्हणजे मिसफायर होतोय पण एका ठरावीक सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही. पी ०३०१ ते पी ०३०४ यांतला शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर असतो; बहुतेक इंजिनांत टायमिंग चेनच्या किंवा बेल्टच्या बाजूचा सिलिंडर एक नंबर धरतात. पी ०३५१ ते पी ०३५४ हे कोड कॉइलच्या सर्किटचे. म्हणून नुसता पी ०३०३ दिसला तर कॉइल गेली हेही सिद्ध होत नाही. प्लग, इंजेक्टर, कनेक्टरची सैल पिन किंवा त्या सिलिंडरचं कमी कॉम्प्रेशन, यांपैकी काहीही असू शकतं.

खरं कारण शोधायला अदलाबदलीची चाचणी पुरते आणि तिला एक रुपयाचाही पार्ट लागत नाही. इंजिन गार असताना तीन नंबरची कॉइल दोन नंबरवर आणि दोनची तीनवर बसवायची, कोड पुसायचा, गाडी तापेपर्यंत फिरवायची. कोड पी ०३०२ झाला तर दोष कॉइलसोबत सरकला, कॉइल खराब. पी ०३०३ च राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लगची अशीच अदलाबदल करायची. तेवढ्यानेही कोड हलला नाही तर वायरिंग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशनकडे वळायचं. ही चाचणी करायला जो मिस्त्री नकार देतो त्याच्याकडे कॉइल बदलू नयेत, इतकं आम्ही ठामपणे सांगतो. एक पथ्य मात्र पाळा. चेक लाइट लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, आतली जाळी वितळते, आणि तो खर्च कॉइलच्या कितीतरी पट असतो. चाचणीसाठी थोडं अंतर, तेही हळू.

ग्राहकाला पटवण्यासाठी दोन प्रयोग समोर करून दाखवले जातात. या गाडीच्या वेळीही दोन्ही झाले.

पहिला मीटरचा. मल्टीमीटरची एक पिन कॉइलच्या प्लगकडच्या स्प्रिंगला आणि एक कनेक्टरच्या पिनला लावतात, मीटर काहीच दाखवत नाही, आणि "बघा, ओपन आहे, आतून तुटली" असं सांगतात. कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात: वायरिंगकडून प्रवाह घेणारी प्रायमरी आणि प्लगला उच्च व्होल्टेज देणारी सेकंडरी. अनेक कॉइलमध्ये सेकंडरीच्या वाटेवर डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट, असतो. साधं मीटर त्याला पार करू शकत नाही, म्हणून कोरी करकरीत अस्सल कॉइलसुद्धा तशीच ओपन दिसते. तीन किंवा चार पिनच्या कॉइलमध्ये इग्नायटर, म्हणजे प्रायमरीचा प्रवाह चालू-बंद करणारा भाग, आतच असतो, त्यामुळे तिची प्रायमरीही ओहममध्ये मोजता येत नाही. दोन पिनच्या साध्या कॉइलची प्रायमरी मोजता येते. ती साधारण अर्धा ते दोन ओहम असते, पण मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध त्यातून वजा करावा लागतो. खात्रीचा उपाय हा की तोच प्रयोग चारही कॉइलवर करायला लावा. चारही सारख्याच ओपन दिसल्या आणि गाडी तीन सिलिंडरवर व्यवस्थित चालत आली होती, तर मीटरचा पुरावा तिथेच संपतो.

दुसरा ठिणगीचा. नव्या कॉइलला प्लग लावून तो इंजिनाला टेकवतात, स्टार्टर मारतात आणि निळी ठिणगी दाखवतात. बघणाऱ्याला ते पटतं, पण त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. मोकळ्या हवेत एक मिलिमीटर फटीत ठिणगी पडायला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते, तिथे त्याच फटीला त्याच्या कितीतरी पट व्होल्टेज लागतं, आणि घाटात पूर्ण लोडवर अजून जास्त. चांगली कॉइल गरज पडल्यास तीस हजारांच्या पुढे जाऊ शकते. दहा हजारांवर दम टाकणारी नकली कॉइलसुद्धा बाहेर सुंदर ठिणगी देते आणि आत गेली की चुकते. खरी परीक्षा घ्यायची तर फट कमी-जास्त करता येणारा स्पार्क टेस्टर लागतो.

सीएनजीवर ही कमजोरी आधी उघडी पडते, कारण गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर गाडी शांत आणि गॅसवर टाकताच झटके, असं असेल तर गॅस किटवाल्याकडे ट्यूनिंगला पैसे घालण्याआधी प्लग आणि कॉइल तपासा.

आता त्या "कंपनीच्या" कॉइलकडे. बाहेर काढून पाहिल्यावर चारही नकली निघाल्या. पार्ट नंबर स्टिकरवर होता आणि स्टिकर नखाने सोलला गेला. अस्सल कॉइलवर नंबर आणि बॅचची खूण बहुधा साच्यातच उमटवलेली किंवा लेझरने कोरलेली असते. त्याच नंबरच्या अस्सल कॉइलसोबत वजन केलं तर नकली हातालाही हलकी लागत होती. वजन कमी म्हणजे आत तांबं आणि लोखंडी पट्ट्या कमी. काही नकली कॉइलमध्ये तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. आत भरलेल्या इपॉक्सीत हवेचे बुडबुडे राहिले की उच्च दाबाची वीज त्या पोकळीतून वाट काढते, आणि रोज थोडं थोडं करून इन्सुलेशन जळत जातं. म्हणूनच असली कॉइल पहिल्या दिवशी चालते आणि काही आठवड्यांनी तापल्यावर चुकते. सोलापुरात एप्रिल-मे मध्ये बाहेरच ४२-४३ अंश असतात. सिलिंडर हेडच्या खड्ड्यात बसलेल्या कॉइलचं तापमान त्याच्या पुष्कळ वर जातं. दुकानदाराला "थंडीत तर चालत होती" म्हणून काखा वर करायला इथे चांगली सोय आहे.

बूट म्हणजे कॉइलचं प्लगवर बसणारं आवरण. तो वाकवून बघा. सिलिकॉनचा बूट मऊ राहतो आणि दाबून सोडला की मूळ आकारात येतो. साध्या रबराचा काही दिवसांत कडक होऊन चिरतो, आणि ठिणगी प्लगच्या टोकावर न जाता चिरेतून थेट हेडला उडते. तिथे बुटाच्या आत किंवा प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसते. एकदा ती रेघ पडली की नुसता बूट बदलून किंवा नुसता प्लग बदलून भागत नाही, दोन्ही बदलावे लागतात.

दोन पिनच्या कॉइलवाल्या गाड्यांत नकली मालाचा धोका अजून मोठा आहे. त्यांत कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर ईसीएममध्ये असतो. प्रायमरीचे वेढे कमी घातले असतील तर प्रवाह प्रमाणाबाहेर चढतो आणि तो ट्रान्झिस्टर जळू शकतो. तेव्हा ईसीएमचा खर्च खराच येतो, आणि कारण असते ती स्वस्तातली कॉइल.

फसवणुकीचा अजून एक भाग लोकांच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे जुन्या कॉइल. या गाडीच्या चारपैकी तीन चांगल्या होत्या. त्या परत मिळाल्या नाहीत. चांगली जुनी कॉइल पुसून, नवा बूट चढवून, नव्या खोक्यात घालून विकता येते, म्हणून तिला किंमत असते. अशी वापरलेली कॉइल ओळखायची तर बोल्टच्या भोकातली धातूची कडी बघा, पान्याने घासल्याच्या खुणा असतात. स्प्रिंगचं टोक काळवंडलेलं असतं. कनेक्टरच्या पिनांवर एकदा लावून काढल्याचे ओरखडे दिसतात. काम सुरू होण्याआधीच सांगा की काढलेला प्रत्येक पार्ट मला परत हवा. तो तुमचा आहे.

प्लग तर त्या गॅरेजने हातही न लावता तसेच ठेवले होते. फट झिजून १.४ मिलिमीटरच्या आसपास गेली होती, जिथे १.० ते १.१ असायला हवी. फट वाढली की दर ठिणगीला कॉइलला जास्त जोर लावावा लागतो. मूळची तीन नंबरची कॉइल याच त्रासाने गेली असणार. त्यामुळे आमचं मत असं की कॉइल जेवढी खराब तेवढीच बदलावी, प्लग मात्र चारही एकदम बदलावेत. एनजीके कंपनीच्या प्लगवर नंबराच्या शेवटी १० असेल तर फट १.० आणि ११ असेल तर १.१ मिलिमीटर. सीएनजीसाठी फट कमी ठेवायची तर किट बनवणाऱ्याने दिलेलं मापच घ्यावं, अंदाजाने ठोकू नये.

बसवताना घाई केली तर चांगला मालही वाया जातो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कनेक्टरचं लॉक दाबून काढा, वायर ओढून नाही. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं. दहाच्या पान्याने बोल्ट काढा, कॉइल आधी थोडी डावी-उजवी फिरवा, मग सरळ वर ओढा. प्लग काढण्याआधी खड्ड्यात हवा मारा, नाहीतर आतली धूळ सिलिंडरमध्ये पडते. खड्ड्यात ऑइल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं सील गळतंय. ते न बदलता नवी कॉइल घातली तर तिचा बूट ऑइलने फुगून तीही जाते. ॲल्युमिनियमच्या हेडमधले प्लग गरम असताना काढू नका, आटे निघतात. नवा प्लग हाताने शेवटपर्यंत बसला पाहिजे. त्यानंतर नव्या वायसरसह १४ मिलिमीटरच्या आट्याला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा आणि १२ मिलिमीटरच्याला सुमारे एक तृतीयांश फेरा, बस्स. बुटाच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवा. कॉइलचा बोल्ट छोटा असतो, त्याला आठ-दहा न्यूटन मीटर पुरे. आणि गाडी धुताना बोनेट उघडून प्रेशरचं पाणी मारू देऊ नका.

स्वस्त कॉइल घ्यायचीच नाही, असं आम्ही म्हणत नाही. बॉश, डेन्सो, एनजीके, व्हॅलिओ यांच्यासारख्या नावाजलेल्या उत्पादकांच्या आफ्टरमार्केट कॉइल शोरूमपेक्षा स्वस्त पडू शकतात आणि चांगल्या चालतात. गोंधळ होतो तो याच नावांच्या नकली खोक्यांमुळे. त्यामुळे घेताना उत्पादकाच्या अधिकृत वितरकाकडून घ्या, आणि तुमच्या इंजिनाचा पार्ट नंबर आधी स्वतः लिहून न्या. खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क हवा. यातलं काही नसेल तर तो माल घेऊ नका. क्यूआर कोड असेल तर दुकानातच स्कॅन करा आणि तो उत्पादकाच्याच संकेतस्थळावर जातो का बघा.

पक्कं बिल घ्या. "बिलाशिवाय जीएसटी वाचतो" हे ऐकून पुढे तक्रारीचा हक्कच हातचा जातो. बिलावर पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक असतो. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, कर्नाटकचा २९ ने आणि तेलंगणचा ३६ ने. आपल्याकडे सीमेपलीकडून माल येतो, त्यामुळे २९ किंवा ३६ दिसला म्हणून लगेच संशय नको, पण क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून दुकानाचं नाव जुळतंय का ते तपासा. बिलात नुसतं "कॉइल ४ नग" नको. ब्रँड, पार्ट नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या.

फसवणूक झालीच असेल तर आधी दुकानदाराला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे भागलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. सोबत बिल किंवा यूपीआयची नोंद, स्कॅनरचा फोटो आणि खोक्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो जोडा. नकली कॉइल स्वतःजवळच ठेवा. "बदलून देतो, इकडे द्या" म्हणून ती मागितली तरी कॉइलचा तपशील लिहिलेली सहीची पोच मिळाल्याशिवाय हातातून सोडू नका.