पगारस्लिपवर पीएफ कापला, खात्यात भरलाच नाही

माझ्या पगारस्लिपवर कपातीच्या रकान्यात दर महिन्याला ‘पीएफ १,५००’ असं छापलेलं असायचं. बावीस महिने मी त्या छापील आकड्यावर विश्वास ठेवला. त्यातल्या पंधरा महिन्यांचे पैसे माझ्या खात्यात पोचलेच नाहीत. चाकण, भोसरी, तळेगाव, रांजणगाव, कुठंही ठेकेदाराकडं कामाला असाल तर हे शेवटपर्यंत वाचा, आणि आजच पीएफचं पासबुक उघडून बघा.

मी अंबाजोगाईकडचा, आयटीआय फिटर. जून २०२२ मध्ये चाकणला आलो. नाणेकरवाडीत चौघांत मिळून एक खोली घेतली आणि गावाकडच्या एकाच्या ओळखीनं गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागलो. लागलो म्हणजे ठेकेदाराकडं. मशीन कंपनीचं, बस कंपनीची, कँटीन कंपनीचं, लाइनवरचा सुपरवायझरही कंपनीचा; पगार तेवढा ठेकेदाराचा. बेसिक आणि डीए मिळून १२,५०० रुपये. त्यावर १२ टक्के, म्हणजे १,५००, माझे कापायचे आणि तेवढेच मालकानं आपल्या खिशातून घालायचे. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शनला जातात, उरलेले पीएफला. हे सगळं आता मला पाठ आहे. तेव्हा हातात किती पडतात एवढंच बघायचो.

सात महिने झाले आणि ब्रेक आला, म्हणजे काही दिवसांसाठी कामावरून कमी केलं. एमआयडीसीत काम केलेल्याला ब्रेक म्हणजे काय हे सांगायला नको. ऑफिसात बोलावून दोन कागद पुढं केले. एक राजीनामा, दुसऱ्यावर ‘माझे सर्व येणे मिळाले, काही बाकी नाही’. तारखेची जागा कोरी. “आठ दिवस गावाला जाऊन ये, परत घेतोच आहे,” असं सांगितलं. मी सही केली. सगळेच करत होते.

परत आलो तर मशीन तेच, लाइन तीच, पण गेटपासवर फर्मचं नाव वेगळं. आठ महिन्यांनी पुन्हा ब्रेक, पुन्हा दोन सह्या, आणि तिसरं नाव. ठेकेदार एकच. एक फर्म त्याच्या नावावर, एक बायकोच्या, एक मेव्हण्याच्या. एकाच मालकाकडं वर्षभरात २४० दिवस भरले की कामगाराला नोटीस आणि भरपाई दिल्याशिवाय काढता येत नाही. नुसत्या ब्रेकनं ते दिवस पुसले जात नाहीत, म्हणून नावच बदलायचं. त्या नाव बदलण्यात आमचा पीएफही गडप झाला. पहिल्या फर्मनं सात महिने पैसे नीट भरले होते. पुढच्या दोन्ही फर्मनी कापले आणि स्वतःकडंच ठेवले. स्लिपवर मात्र जुनाच पीएफ नंबर छापत राहिले, त्यामुळं शंका यायला जागा नव्हती.

मग बावीस महिने पासबुक का बघितलं नाही, असं कुणीही विचारेल. बघता येत नव्हतं. कामावर घेताना ऑफिसातल्या क्लार्कनं माझा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, चालू करून दिला, पण त्यात मोबाइल नंबर स्वतःचा टाकला. लॉगिन करायला गेलं की ओटीपी त्याच्या फोनवर. विचारलं की म्हणायचा, “मी बघून सांगतो रे, जमा होतंय सगळं.” पीएफ भरला की खातेदाराला मेसेज येतो, तोही त्यालाच जात असणार. आमच्या लाइनवरच्या बहुतेक पोरांचं असंच होतं आणि ती आम्हाला सोय वाटायची. माझ्या मते सगळ्या फसवणुकीचं मूळ याच नंबरात होतं. त्याची एक बाजू आजही माझ्या डोक्यातून जात नाही. पीएफ म्हणजे नुसती बचत नसते. त्याच्यासोबत विमा असतो, नोकरीत असताना कामगार गेला तर घरच्यांना ७ लाखांपर्यंत मिळतात. दहा वर्षं भरली की पेन्शनचा हक्क येतो. आमच्या प्रेस मशीनवर एखाद्याचं बरंवाईट झालं असतं तर त्याच्या बायकोला आधी तो तिथं कामाला होता हेच सिद्ध करत बसावं लागलं असतं.

एप्रिल २०२४ मध्ये आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. आजारपणासाठी पीएफमधून आगाऊ रक्कम काढता येते असं ऐकलं होतं. चाकणच्या एका सायबर कॅफेतल्या मुलीनं ‘पासवर्ड विसरलो’ तिथं जाऊन, आधारचा ओटीपी घेऊन माझा स्वतःचा नंबर जोडून दिला. दहा मिनिटांचं काम. पासबुक उघडलं. माझ्या हिश्श्याचे सात महिन्यांचे १०,५००, मालकाच्या हिश्श्याचं थोडं, व्याज. डिसेंबर २०२२ नंतर एकही नोंद नाही. तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवली आणि विचारलं, “दादा, तुम्ही तेव्हा काम सोडलं होतं का?” मी त्याच दिवशी सेकंड शिफ्ट करून आलो होतो.

क्लार्क म्हणाला पोर्टलला प्रॉब्लेम आहे. ठेकेदाराकडं गेलो तर त्यानं फाइल काढून माझ्याच सहीचा कागद पुढं ठेवला. “काही बाकी नाही असं तूच लिहून दिलंयस.” वर असंही म्हणाला की तक्रार केलीस तर चाकणात कुठल्या गेटवर उभं करणार नाहीत. कंपनीच्या एचआरमध्ये गेलो, तिथं उत्तर मिळालं, “तुम्ही आमचे कामगार नाही.” त्या आठवड्यात मी खरंच गप्प बसायच्या विचारात होतो. आईच्या ऑपरेशनला पैसे उसने घेतले होते, काम गेलं तर ते फेडायचे कसे?

आमच्या खोलीमालकांचे थोरले भाऊ पिंपरीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, हयात युनियनच्या कामात गेलेली. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी माझ्या स्लिपा एकेक करून चष्म्याजवळ धरून बघितल्या. म्हणाले, “सही कशावरही घेऊ दे त्याला. पीएफ हा कायद्याचा पैसा आहे, तो कुणाला लिहून सोडता येत नाही. आणि कंपनीला हात झटकता येत नाहीत.” तेव्हाच्या १९५२ च्या पीएफ कायद्यात ठेकेदाराच्या कामगारांचा पीएफ भरला जातोय की नाही याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे ज्याच्या कारखान्यात आपण राबतो त्याच्यावर होती. ठेकेदारानं भरला नाही तर मुख्य मालकानं भरायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करायचा. पगार बुडवला तरी तीच जबाबदारी, ती तेव्हाच्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानं. शिवाय कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा न भरणं हा फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा धरला जातो. हे कुणीतरी जून २०२२ मध्येच सांगायला हवं होतं.

अण्णांचं दुसरं सांगणं होतं की एकट्यानं जाऊ नकोस. आमच्या लाइनवर आम्ही ३४ जण होतो. सगळ्यांचे माझ्यासारखेच पंधरा महिने धरले तर नुसता कामगारांचा कापलेला हिस्साच ७,६५,००० रुपये होतो. सुरुवातीला नऊजण तयार झाले, हळूहळू तेवीस. पुरावे गोळा करायला महिना गेला. ज्यांनी स्लिपा फेकून दिल्या होत्या त्यांच्या बँकेच्या पासबुकातून पगाराच्या नोंदी काढल्या, त्यात तिन्ही फर्मची नावं स्पष्ट आली. गेटपासचे फोटो, हजेरी कार्डाचे फोटो, शिफ्ट बदलल्याचे सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज, सगळं कामाला आलं. पगार रोख घेणारे आमच्यातले तिघं इथं अडकले. रोख पगार कधीच घेऊ नका.

तक्रार पीएफच्या तक्रार पोर्टलवर केली, आणि ‘निधी आपके निकट’ म्हणून दर महिन्याच्या २७ तारखेला शिबिर असतं तिथंही कागद घेऊन गेलो. तिथल्या अधिकाऱ्यानं तक्रारीत तिन्ही फर्मसोबत कंपनीचंही नाव घालायला सांगितलं. पुढं पीएफ कायद्याच्या कलम ७अ खाली, म्हणजे मालकाकडं किती पीएफ थकलाय ते ठरवणारी, चौकशी लागली. नोटीस गेल्यावर मात्र कंपनीच्या एचआरनं आम्हाला स्वतःहून बोलावलं. ठेकेदाराचं बिल अडकवलं आणि दुसऱ्या फर्मचे आठ महिने भरले. ते माझ्या पासबुकात दिसले तेव्हा मी आईला फोन केला. तिसऱ्या फर्मचे सात महिने अजून चौकशीतच आहेत.

ईएसआयचंही, म्हणजे कामगाराच्या दवाखान्याच्या विम्याचंही, तपासा. २१,००० पर्यंत पगार असणाऱ्याचे ०.७५ टक्के कापले जातात, मालकानं ३.२५ टक्के भरायचे असतात. आमच्यातल्या एकाला बायकोच्या बाळंतपणात कळलं की कार्ड बंद पडलंय.

मालकानं मागच्या महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. म्हणून मी आता दर २० तारखेला ‘उमंग’ या सरकारी ॲपवर पासबुक बघतो आणि खोलीतल्या तिघांनाही बघायला लावतो. यूएएनला स्वतःचाच नंबर, कोऱ्या तारखेच्या कागदावर सही नाही, प्रत्येक स्लिपचा फोटो लगेच घरच्यांना पाठवायचा. गेटपासवरचं नाव बदललं की त्याच महिन्यात नव्या फर्मची नोंद पासबुकात आली का बघायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्यात, त्यात प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे. ते मागून घ्या. त्यावर मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते नीट वाचा.

चौतीसपैकी अकराजण तक्रारीत आले नाहीत. बहुतेक नांदेड, लातूर, हिंगोलीकडची पोरं, काम सुटल्यावर गावाला गेली. त्यांचे पैसेही त्याच चौकशीत निघू शकतात, फक्त त्यांचे कागद लागतात. नऊजणांशी बोलणं झालंय, सहाजणांनी बँकेचे कागद पाठवले. अकरांतल्या उरलेल्या दोघांचे फोन अजून बंदच लागतात.