बारा महिन्यांची अट संपली, बिल मात्र तेच

मंगळवार पेठेत आमचं कांदा-लसूण चटणीचं काम आहे. मार्च ते मे घरात दुसरा वास नसतो. ब्याडगी, संकेश्वरी, तिखटपणाला थोडी लवंगी, भाजलेलं खोबरं, तीळ, धने, सगळं डंकावर कांडून आणायचं. गिऱ्हाईक बहुतेक बाहेरगावचं, पुण्या-मुंबईला दिलेल्या इथल्या लेकी. त्यांच्याकडं आमचा पत्ता नसतो, पाकिटाच्या लेबलवरचा नंबर तेवढा असतो. तो सहज लक्षात राहावा म्हणून गेल्या वर्षी मार्चमध्ये एका मोबाइल कंपनीच्या गॅलरीतून, म्हणजे तिच्या दुकानातून, शेवटी एकच आकडा चारदा येणारा नंबर घेतला. नंबरचे वेगळे पैसे नाहीत, पण बारा महिने ५९९ चाच पोस्टपेड प्लॅन ठेवायचा, मध्ये उतरवायचा नाही, अशी अट. १८ टक्के जीएसटी धरून महिन्याला ७०६ रुपये ८२ पैसे. कंपनीचं नाव लिहीत नाही. मला भांडायचं नाही, पुढच्याला माहिती व्हावी एवढंच.

सेवा चांगली होती. डंकाच्या गल्लीत आतपर्यंत रेंज यायची, फोन कधी तुटला नाही.

अट संपल्यावर काय होतं, तर काहीच होत नाही. मला वाटलं होतं एखादा मेसेज येईल, ‘तुमची मुदत पूर्ण झाली, आता प्लॅन बदलू शकता’ असा. बिल भरायला उशीर झाला तर दिवसाला दोन मेसेज येतात. मुदत संपल्याचा एकही आला नाही. मार्च गेला, ऐन हंगामात बिल उघडून बघायला कुणाला सवड असते? पैसे भरत गेले. ऑगस्टमध्ये पावसानं काम थंडावलं तेव्हा भाचीनं कपाटातला करार काढला. चौथ्या पानावर, बारीक अक्षरात, बारा महिने म्हणजे बाराच महिने लिहिलेलं. त्याच कंपनीचा ३९९ चा प्लॅन मला पुरत होता, जीएसटीसकट ४७० रुपये ८२ पैसे. महिन्याला २३६ चा फरक, पाच महिन्यांचे ११८०. माझ्या हिशेबात ही लहान रक्कम नाही.

गॅलरीत गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काकू, प्लॅन उतरवला तर नंबर जाईल बघा.” माझ्या पोटात गोळा आला. लेबलांचा नवा गठ्ठा नुकताच छापून आणलेला, प्रत्येकावर तोच नंबर. मी म्हटलं, “बाळ, हे मला लिहून दे.” त्यानं दिलं नाही. मग घरी येऊन १९८ वर तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक वहीत लिहून घेतला. तिसऱ्या दिवशी फोन आला: अट मार्चमध्येच संपली, प्लॅन कुठलाही घ्या, नंबर तुमचाच राहील. म्हणजे काउंटरवर मला चुकीचं सांगितलं होतं, आणि मी गप्प घरी आले असते तर आजही ७०६ भरत बसले असते. याचा मला मनापासून राग आला. पैशापेक्षा, नंबर जाण्याची भीती घालून बाईमाणसाला थांबवलं याचा.

त्या दिवशी ठरवलं, कंपनीच बदलायची.

आमच्या यजमानांनी २००८ मध्ये कंपनी बदलली तेव्हा नंबरही गेला होता. दुकानाच्या पाटीवर रंगवलेला नंबर खोडून नवा घातला, तरी जुनी गिऱ्हाईकं वर्षभर “लागत नाही तुमचा फोन” म्हणत होती. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आपल्याकडं २० जानेवारी २०११ ला देशभर सुरू झाली. २०१५ च्या जुलैपासून ती एका सर्कलमधून, म्हणजे मोबाइल सेवेच्या साधारण राज्यावरून पाडलेल्या विभागातून, दुसऱ्यातही चालते. बेळगावची माझी बहीण इकडं आली तर तिचाही नंबर तोच राहील.

त्यासाठी करायचा मेसेज साधा आहे. इंग्रजीत पोर्ट हा शब्द, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, आणि पाठवायचा १९०० वर. मला पहिल्यांदा नकार आला. शेवटचं बिल भरायची तारीख दोन दिवस उलटून गेली होती, ते माझ्या ध्यानातच नव्हतं. बिल भरलं, दुसऱ्या दिवशी परत मेसेज केला आणि नव्या कंपनीला द्यायचा आठ अक्षरांचा कोड आला. तो चारच दिवस चालतो, म्हणून आधार कार्ड घेऊन लगेच नव्या कंपनीच्या दुकानात गेले. तिथल्या मुलीनं फोटो काढला, नवं सिम हातात दिलं आणि न विचारता सांगितलं, “काकू, आमच्याकडं मुदतीची अट नाही. पण नव्वद दिवस परत पोर्ट करता येणार नाही.” एवढं सरळ बोलणं मला फार आवडलं.

एकाच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमधून पाच. माझं तिसऱ्या रात्री झालं. दीडच्या सुमाराला जुन्या सिमची रेंज गेली. लसूण सोलून हाताला वास होता तसाच, त्याच हातानं सिम बदललं. दोन तास काहीच नाही, नुसती रिकामी काडी. पहाटे साडेतीनला रेंज आली आणि मी यजमानांना उठवून त्यांच्या फोनवरून रिंग द्यायला लावली. वाजली. मगच झोपले. त्या रात्री बँकेचं काही काम ठेवू नका, ओटीपी येणार नाही.

दोन गोष्टी आधी माहीत असत्या तर बरं झालं असतं. अटीची मुदत पूर्ण झाली नसेल आणि करारात बाहेर पडायची शर्त लिहिलेली असेल, तर ती पाळल्याशिवाय जुनी कंपनी कोड नाकारू शकते, म्हणून करार आधी वाचा. आणि सिम हरवून नवीन काढलं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही, हा नियम जुलै २०२४ पासून आहे. पोर्ट झाल्यावरही जुन्या कंपनीचं उरलेल्या दिवसांचं बिल येतं, माझं १६४ रुपयांचं आलं. ते लगेच भरलं, कारण थकवलं तर नव्या कंपनीकडची सेवासुद्धा बंद होऊ शकते.

जुन्या कंपनीला रेंजसाठी चार तारे आणि मुदत संपल्यावरच्या वागणुकीसाठी एक. पोर्टिंगच्या सोयीला पाच. माझे नव्वद दिवस २० नोव्हेंबरला भरतात. कालनिर्णयवर त्या चौकटीत लाल पेनानं खूण केली आहे.