सोलापूरचा उन्हाळा, वाईन कूलर आणि ठेवून प्यायची ड्राय शेनिन: दोन उन्हाळ्यांनंतरचा अनुभव

डिस्प्लेवर 12 डिग्री, आत 23. एवढं वाचून थांबलात तरी चालतंय, या कूलरबद्दल सांगण्यासारखं निम्मं त्यातच आलं. पण माझा राग तेवढ्यावर जाणारा नाही म्हणून पुढं लिहितोय.

मशीन म्हणजे तेच, काचेच्या दाराचं, आत निळा लाईट, डझनभर बाटल्या मावतात, सेलमध्ये बारा हजाराच्या आसपास पडतं. थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे कॉम्प्रेसर नसलेलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, या साइजचे डबे वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि जे लिहितोय ते सगळ्यांनाच लागू पडेल असं मला वाटतं.

घेतला कशाला ते सांगतो. मला व्हाईट वाईन ठेवून प्यायची होती. आपल्याकडे समज असा की ठेवायची ती रेड, व्हाईट म्हणजे आणली, गार केली, संपवली. बहुतेक व्हाईटच्या बाबतीत ते खरंही आहे, भारतातल्या तर वर्षा-दोन वर्षांत पिऊन टाकलेल्या बऱ्या. पण शेनिन ब्लाँ हे द्राक्ष त्यातलं नाही. फ्रान्समध्ये लुआर नदीकाठी वूव्रे, साव्हेनिएर वगैरे भागातल्या चांगल्या ड्राय, म्हणजे गोड नसलेल्या, शेनिन दहा-वीस वर्षं आरामात काढतात, आणि ते त्यातल्या ॲसिडच्या जोरावर, लाकडी पिंपाच्या नाही. ऑस्ट्रेलियातल्या हंटर व्हॅलीची सेमियाँ ही व्हाईट तर त्याहून अजब, तिथली हवा गरम, अल्कोहोल जेमतेम 10-11 टक्के, नवी असताना नुसती लिंबासारखी आंबट आणि दहा वर्षांनी तिला मधाचा आणि भाजलेल्या पावाचा वास येतो, लाकूड न लावता. पण परदेशी बाटलीवर आपल्याकडे वर्षानुवर्षं भरमसाट कस्टम ड्यूटी, त्यामुळं ते सगळं वाचायला छान.

शेनिन मात्र आपल्याकडे ढीगभर होते. नाशिकला आहेच, पण आपल्या जिल्ह्यात अकलूजकडे फ्राटेली या वाईन कंपनीच्या बागा आहेत, पिएरो मासी नावाच्या इटालियन वाईनमेकरनं तिथलं वाईनचं काम उभं केलं. सोलापूरकराला अकलूज म्हटलं की साखर कारखाना नाहीतर लावणी स्पर्धा आठवते, शेजारी वाईनची द्राक्षं आहेत हे निम्म्या लोकांना माहीत नाही. मी घेतलेली बाटली कुठल्या लेबलची ते सांगत नाही, जाहिरात केल्यासारखं वाटतं. महाराष्ट्रातली, ड्राय, स्क्रू कॅपची आणि हजाराच्या आतली. अर्धी पेटी घेतली.

घेताना एक गोष्ट बघा. लेबलवर जे साल असतं ते तोडणीचं, आणि आपल्याकडे तोडणी जानेवारी ते मार्च. स्वतः ठेवणार असाल तर दुकानातलं सगळ्यात ताजं साल मागून घ्या. जुनं साल म्हणजे मुरलेली वाईन असं समजू नका, ती बाटली दुकानाच्या वरच्या फळीवर ट्यूबलाईटच्या शेजारी एक-दोन उन्हाळे उभी राहिलेली असते. मला एका दुकानात जुन्या सालाची दिली होती, वर "सर, जुनी आहे, भारी लागंल" असं सर्टिफिकेट पण दिलं. उघडली तर रंग चहाच्या जवळ आणि वास शिजवलेल्या सफरचंदाचा. दुकानदारानं परत घेतली नाही, उलट "वाईनचं असंच असतंय" म्हणाला. 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचा निर्णय झाला होता, केवढा गदारोळ झाला आणि मग ते थंड पडलं. बाजूनं-विरोधात काय बोलायचं ते बोला, पण निदान एसीत तरी राहिली असती की.

आता ठेवायची कुठं. पुस्तकी उत्तर 12-13 डिग्री, अंधार, हलवाहलव नाही. एका मित्रानं सुचवलं, गावाकडं वाड्यात बळद आहे, पूर्वी ज्वारी पेवात ठेवायचे तसं जमिनीखाली ठेव. ऐकायला झकास. पण जमिनीत काही मीटर खाली गेलं की तिथलं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीएवढं असतं. फ्रान्समधली तळघरं 12 डिग्रीला असतात कारण तिथली सरासरीच तेवढी आहे. आपली सरासरी 25 च्या पुढं. म्हणजे सोलापुरात कितीही खोल खणा, ज्वारी टिकेल, शेनिन नाही. मशीन लागणारच, म्हणून हा डबा.

डिसेंबरात आला आणि मी खूश. आवाज नाही, थरथर नाही, आत 12 म्हणजे खरंच 12. गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यांना दाखवून झाला, त्यातल्या एका काकांनी आत कोल्ड्रिंक आहे का विचारलं. चार स्टारचा रिव्ह्यू पण टाकला होता मी, एक स्टार फक्त निळ्या लाईटसाठी कापला होता.

मग मार्च संपला. आम्ही जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर, डोक्यावर स्लॅब, दुपारी हॉलमध्ये 37-38 सहज. एकदा बाटली काढली तर हाताला गार लागेना. डिस्प्ले 12. म्हटलं आपलाच हात तापलेला असेल. मग मत्स्यालयवाल्यांकडं मिळतो तो वायरवाला थर्मामीटर आणला, सेन्सर दोन बाटल्यांच्या मध्ये ठेवला, दार लावलं, तासाभरानं बघितलं तर 21. दुपारी चार वाजता 23. डिस्प्लेवर 12 च. तो आकडा आतलं तापमान दाखवतच नाही, तुम्ही जे सेट केलंय तेच दाखवतो! म्हणजे मी चार महिने माझंच बटण वाचत होतो.

हे मला अजून पचत नाही. गार होत नाही हे एक वेळ समजू शकतो. या मशीनमध्ये कॉम्प्रेसर नसतो, पेल्टिअर नावाची चकती असते, 1834 मध्ये सापडलेला परिणाम आहे, दोन वेगवेगळ्या धातूंच्या जोडातून करंट सोडला की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते. गरम बाजूची उष्णता मागचा पंखा बाहेर फेकतो. बाहेरच 38 असेल तर ती फेकणार कुठं? अशी मशीन खोलीपेक्षा पंधरा-वीस डिग्री खाली नेतात, त्यापुढं हात टेकतात. फिजिक्स आहे, त्याच्याशी भांडण नाही. पण गार होत नसताना 12 दाखवायचं? रिक्षाचं मीटर असं चाललं असतं तर आपण रिक्षावाल्याला सोडलं असतं का? चाळीस-पन्नास रुपयाचा सेन्सर आत लावून खरा आकडा दाखवला असता तर मी एप्रिलमध्येच बाटल्या फ्रिजमध्ये हलवल्या असत्या. बायको म्हणते तुझं वाईनपेक्षा त्या आकड्याशी जास्त वैर आहे. आहेच.

कंप्लेंट टाकली. बऱ्याच फोननंतर एक पोरगा आला, मागचं कव्हर काढलं, फुंकर मारली, लावलं.

"साहेब, मशीन ओके आहे. रूमच गरम आहे."

"मग मी काय करू?"

"एसी लावा की रूमला."

"एसी लावायचा तर मग ह्याचं काय काम? बाटल्या एसीखालीच ठेवतो की."

यावर तो प्रामाणिकपणे हसला आणि मॅन्युअलचं शेवटचं पान उघडून दाखवलं. तिथं मुंगीच्या अक्षरात लिहिलंय, परफॉर्मन्स 25 डिग्रीच्या खोलीत मोजलेला आहे. सोलापुरात मे महिन्यात पहाटे चार वाजता तरी 25 होतं का? पोराचा काही दोष नाही, चहा पाजून पाठवला. वरच्या साहेबांनी मात्र मेलवर मेल करून शेवटी "कस्टमरच्या वातावरणामुळं" असं लिहून कंप्लेंट बंद केली. वातावरण माझं! बरं, गार करो न करो, वीज चोवीस तास खातो. सत्तर वॉटचा डबा, उन्हाळ्यात कट-ऑफ होतच नाही, दिवसाला दीड-पावणेदोन युनिट.

बाटल्या तोपर्यंत 20-23 वर राहिलेल्या. मी धरून चाललो होतो की गेल्या. जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर एक उघडली, म्हटलं खराब असेल तर भाजीत घालू. आणि इथं माझं मत बदललं. खराब तर नव्हतीच, नवी असताना प्यायली होती त्यापेक्षा चांगली होती. तेव्हा हिरवं सफरचंद, कच्चा पेरू आणि दात आंबतील असला आंबटपणा, दुसरा घोट नको वाटायचा. आता आंबटपणा तिथंच होता पण टोचत नव्हता, पेरू पिकलेला, आणि शेवटी जिभेवर थोडा मेणाचा वास. गरमीनं ती जरा लवकर पुढं गेली असणार. 23 ला वाईन झटपट म्हातारी होते, मरते ती तीसच्या वर महिनेच्या महिने ठेवली की, दुकानातल्या त्या बाटलीसारखी. म्हणजे डबा अगदीच निकामी नाही, 38 चं 23 केलं हे त्याचं उपकारच. खोटं बोलला नसता तर मी त्याला तीन स्टार दिले असते.

पण दुसरा उन्हाळा असा काढायचा नव्हता. आईचा जुना सिंगल डोअर फ्रिज गॅलरीत पडून होता, त्याला बाहेरून टेम्परेचर कंट्रोलर लावला. अंडी उबवायच्या मशीनला लावतात तोच, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हजाराच्या बऱ्याच आत मिळतो. फ्रिजचा प्लग त्यात, सेन्सर आत, 13 सेट केलं, दोन डिग्रीचा फरक ठेवला, आणि कॉम्प्रेसर लगेच परत सुरू होऊ नये म्हणून पाच मिनिटांचा डिले लावला (हा विसरू नका, लाईट ये-जा करते तेव्हा कॉम्प्रेसर वाचतो). मे महिन्यात बाहेर 43 असताना आत 12 ते 14, आणि कंट्रोलरवर जो आकडा दिसतो तो आतला खरा आकडा. दोनदा-तीनदा थर्मामीटरनं ताडून बघितला, सवय लागली आता. फ्रिज आतून कोरडा पडतो म्हणतात, बुचाच्या बाटलीला ते लागू, बूच सुकून हवा आत जाते. स्क्रू कॅपला काही फरक नाही, आडवी ठेवायची पण गरज नाही. आई फ्रिज परत मागत होती. "मुरू दे, मुरू दे म्हणतोस, लोणचं आहे का ते?" शेवटी वरचा कप्पा तिच्या कढीपत्त्याला दिला.

नुकतीच त्यातलीच एक उघडली. बाटलीच्या तळाशी साखरेसारखे खडे दिसले, बायको म्हणाली काच फुटलीय आत, ओतू नको. काच नाही. द्राक्षातल्याच टार्टारिक ॲसिडचा क्षार गारठ्यानं खडे होऊन खाली बसतो, निरुपद्रवी असतो, फक्त शेवटचा घोट ग्लासात घेऊ नका. रंग आता फिक्या सोन्याचा. फ्रिजमधून थेट ओतली तेव्हा वास काहीच नाही, पंधरा-वीस मिनिटं ग्लास तसाच ठेवला आणि मग एकदम मध, पण जिभेवर गोड नाही, हेच मला फार आवडलं, नाक म्हणतंय मध आणि जीभ म्हणतेय लिंबू. मागून ज्वारीच्या लाह्यांसारखा भाजका वास. हजाराच्या आतल्या बाटलीत हे मिळेल असं वाटलं नव्हतं. वूव्रेची सर नाही, घोट लवकर संपतो, गिळल्यावर चव फार वेळ रेंगाळत नाही. पण पैसे वसूल.

खायला शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊ नका, मी घेतली, तिखटावर ड्राय वाईन नुसती जाळते आणि लसणापुढं वाईनचं काही चालत नाही. उजनीचा चिलापी मासा कमी तिखटात तळून घेतला, वर लिंबू पिळलं, त्याच्याबरोबर उत्तम.

उरलेल्या बाटल्या आणखी दोन वर्षं ठेवायचा विचार आहे, त्यापुढं ही वाईन टिकेल असं मला वाटत नाही. नवं साल मार्चनंतर बाटलीत येतं, पण ते दुकानात पोचेपर्यंत उन्हाळा मध्ये येतो, त्यामुळं घ्यायची तर पावसाळ्यात, दुकानदाराला नवा बॉक्स फोडायला लावून.

डबा विकायला काढलाय. डिसेंबरातच बघायला या, थर्मामीटर फुकट देतो.