ग्लेनफिडिक १५ सोलेरा : अनेक महिन्यांच्या वापरानंतर

पुरवून पुरवून घेतलेल्या ग्लेनफिडिक १५ च्या बाटलीविषयी आधी एकच सांगायचे आहे : ही व्हिस्की पहिल्या पेगात जेवढी कळते, त्याहून कितीतरी अधिक बाटली निम्मी झाल्यावर कळते.

स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागात, डफटाउन येथे विल्यम ग्रँट यांनी उभारलेल्या डिस्टिलरीत पहिली धार १८८७ च्या नाताळच्या दिवशी पडली. या १५ वर्षांच्या माल्टसाठी, म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या व्हिस्कीसाठी, तीन प्रकारची ओकची पिंपे वापरतात. बर्बन ही अमेरिकी व्हिस्की तिथल्या कायद्यानुसार कोऱ्या, आतून जाळलेल्या ओकमध्येच मुरवावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेली ती पिंपे स्कॉटलंडला मुबलक मिळतात; व्हॅनिला आणि मधाची गोडी मुख्यतः त्यांतून येते. मनुका-अंजिराचा गडदपणा शेरीच्या (एका स्पॅनिश वाइनच्या) पिंपांचा, तर दालचिनी-सुंठीची झणझण कोऱ्या ओकची. या तिन्ही व्हिस्क्या पाइन लाकडाच्या एका प्रचंड टाकीत एकत्र येतात. सोलेरा म्हणतात ती ही पद्धत १९९८ मध्ये, डेव्हिड स्टुअर्ट माल्ट मास्टर (व्हिस्कीचे मिश्रण ठरवणारे प्रमुख) असताना सुरू झाली आणि तेव्हापासून ती टाकी निम्म्याखाली जाऊ दिलेली नाही. घरच्या विरजणाप्रमाणे जुन्याचा अंश सतत नव्यात उतरत राहतो. लेबलावरचे १५ हे बाटलीतील सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे वय आहे, हेही येथे ध्यानात घ्यावे.

बूच नुकतेच काढले होते तेव्हा मद्यार्काचा झटका आणि ओकचा मसाला पुढे होता, शेरी मागे दबलेली होती. पातळी लेबलाच्या मध्यावर आली, तसा मनुकांचा आणि संत्र्याच्या सालीच्या मुरांब्याचा वास मोकळा झाला, आणि ग्लास दहा मिनिटे तसाच ठेवला की त्यामागून मध येऊ लागला. चमचाभर पाणी या बदलाला फार साहाय्य करते. बर्फाने मात्र शेरीची बाजू जवळजवळ पुसली जाते आणि केवळ लाकडाचा कडवटपणा उरतो, म्हणून उन्हाळ्यात मी ग्लास थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवतो, पण बर्फ टाकत नाही. सोड्यात ती वाया घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच ग्रँट घराण्याची दुसरी व्हिस्की, बाल्व्हनी डबलवुड १२, शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा फरक नेमका कळला. तिथे एकच व्हिस्की बर्बनच्या पिंपातून शेरीच्या पिंपात हलवतात, त्यामुळे चव सलग आणि मऊ लागते. इथे वेगवेगळ्या पिंपांत मुरलेल्या व्हिस्क्या एकत्र येत असल्याने घोटागणिक कधी मसाला, तर कधी सुकामेवा वर येतो. मला हे अधिक आवडते. माझ्या बाटलीवर ४० टक्के मद्यार्क लिहिलेला आहे. तो ४६ असता तर शेवटची चव जिभेवर अधिक रेंगाळली असती असे वाटते.

बाटली उभीच आणि अंधाऱ्या कपाटात ठेवावी, कारण आडवी ठेवल्यास मद्यार्काने बूच खराब होते. चौथाई उरल्यावर वास सपाट होऊ लागतो. तेव्हा उरलेली व्हिस्की लहान, स्वच्छ काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवावी, किंवा जाणकार मित्रांना बोलावून त्याच आठवड्यात संपवावी.