नाचणी सत्त्वाची पाकिटं: वजन न वाढणाऱ्या बाळासाठी कोणतं घ्यावं?

दादरच्या रानडे रोडपासून गिरगावपर्यंत मराठी खाद्यपदार्थांच्या दुकानांत ‘नाचणी सत्त्व’ हमखास मिळतं. बाळ तोंड उघडत नाही, वजन सरकत नाही म्हटलं की घरातली मोठी माणसं आधी तेच आणायला लावतात. पण या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

एक खरं सत्त्व: भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून खाली बसलेला साका वाळवलेला. पचायला हलकं असलं तरी चोथ्यासोबत प्रथिनं आणि बरंचसं कॅल्शियम गेलेलं असतं. उरतो मुख्यतः स्टार्च. दुसरं, मोड आलेली नाचणी वाळवून, भाजून दळलेलं पीठ. चमचाभर थंड पाण्यात ढवळून काचेच्या ग्लासात ठेवा. सत्त्वाचा तळाशी पांढरट, घट्ट थर बसतो. पिठाचं पाणी तांबूस, गढूळ राहतं आणि कोंड्याचे कण दिसतात.

वजन वाढत नसेल तर आमची पसंती पिठाला. मोड येताना तयार होणारं अमायलेज हे पाचक द्रव्य (एन्झाइम) मंद आचेवर स्टार्च तोडतं, त्यामुळे खीर गच्च होत नाही आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. चार घासांत मान फिरवणाऱ्या बाळाला नेमकं हेच हवं. पीठ फार भाजलेलं असेल तर हा गुण जातो. तपासायला घट्ट, कोमटाहून जरा गरम भाताच्या पेजेत अर्धा चमचा पीठ ढवळा. काही मिनिटांत पेज पातळ व्हायला हवी. मग ती पुन्हा उकळून घ्या.

‘एक चमचा पीठ, एक कप पाणी’ ही कृती मात्र अजिबात वापरू नका. त्यात जेमतेम १५ कॅलरी, तर तेवढ्याच आईच्या दुधात सुमारे १३०. पोट भरतं पाण्यानं आणि दूधही कमी जातं.

त्याऐवजी २ टेबलस्पून (१५ ग्रॅम) पीठ आधी थंड पाण्यात कालवा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. गुठळी लागली की बाळाला उबळ येते. एकूण पाणी १२० मिली. मंद आचेवर ७-८ मिनिटं शिजवून १ छोटा चमचा (टीस्पून) तूप घाला. अर्ध्या वाटीत साधारण ९० कॅलरी होतात. चमचा कलता केल्यावर खीर ओघळू नये. वर्षाच्या आत साखर, मीठ नको, मध तर मुळीच नको. साखर, कोको घातलेली पाकिटं दुकानातच ठेवा.

बाळाला ताठ बसवून भरवा. आडवं धरून बोंडल्यानं घशात ओतलं तर अन्न श्वासनलिकेत जायची भीती असते, आणि पुढे चमचा दिसला तरी बाळ रडतं. नवी चव आठ-दहा वेळा तरी द्यावी लागते. अर्ध्या तासात उरकेल तेवढंच.

पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत हे पीठ लवकर खवट होतं. २०० ग्रॅमचंच घ्या, हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. कुबट वास आला तर टाकून द्या.

६ ते ९ महिन्यांत बाळ महिन्याला सरासरी ३०० ग्रॅमच्या आसपास वाढतं. लसीकरणाच्या कार्डावरची वजनाची रेघ आडवी झाली, भरवताना दरवेळी ठसका लागला, लघवी कमी झाली किंवा बाळ फिकट दिसलं, तर पाकीट बदलत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. रक्त कमी असलं की भूकही मंदावते, आणि नाचणीतलं लोह अंगी फारसं लागत नाही.