पेसमेकर की आयसीडी: स्कूबाचं बुकिंग करण्याआधी

तारकर्लीला घरचे सगळे स्कूबाला जाणार, आणि आपल्या छातीत मशीन म्हणून आपण होडीत बसून चपला राखायच्या का? मशीन कोणतं आणि ते कशासाठी बसवलं, हे कळल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही.

पेसमेकर हृदयाचा ठोका मागे पडला की बारीकसा विद्युत इशारा देतो. बहुतेकांना तो जाणवतही नाही. आयसीडी, म्हणजे छातीत बसवलेला डिफिब्रिलेटर, हृदयाची जीवघेणी लय मोडायला जोरदार शॉक देतो. घरी सोफ्यावर शॉक बसला तर माणूस दचकतो आणि सावरतो. 12 मीटर खोल पाण्यात तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारी नळी, निसटला तर सावरायला वेळ कुठला? शिवाय शॉकच्या आधीच त्या लयीने शुद्ध हरपू शकते. आयसीडीवाल्यांना डायव्हिंगचे डॉक्टर सहसा सरळ नकारच देतात. इथे घासाघीस करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेसमेकरवाल्यांना वाव आहे, पण आधी मशीनचे कागद काढा. पाण्यात दर 10 मीटरला एक वातावरण दाब वाढतो. पृष्ठभागावरचा एक धरला की 40 मीटरवर पाच होतात. म्हणजे कागदावर '5 एटीए' (पृष्ठभागाचा धरून एकूण पाच वातावरण दाब) असेल तर मर्यादा 40 मीटरची, 50 ची नव्हे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था पेसमेकर किमान 130 फुटांच्या, म्हणजे साधारण 40 मीटरच्या दाबाला चालणारा हवा असं सांगते. तुम्ही त्याच्या निम्मंही खोल जाणार नसलात तरी.

खरी चाळण पुढे आहे. नुसता हार्ट ब्लॉक (हृदयातला विद्युत इशारा अडणं, रक्तवाहिनीतला अडथळा नव्हे), बाकी हृदय ठणठणीत, ट्रेडमिलवर 10 मेट्सपर्यंत (स्वस्थ बसल्याच्या दहापट श्रम) दम टिकतो, अशा माणसाशी डॉक्टर निदान बोलणी करतील. हार्ट अटॅकनंतर पंपिंग कमी झालं असेल तर पेसमेकर कितीही दणकट असो, काय उपयोग? पाण्यात शिरताच पायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावरचा भार वाढतो. (लूप रेकॉर्डर हे छातीच्या त्वचेखालचं छोटं यंत्र हृदयाच्या लयीची फक्त नोंद ठेवतं, पण ते चक्कर कशाने येते हे शोधायला बसवलं असेल, तर ते कळेपर्यंत डाइव्ह नको.)

आता मालवणची ट्राय डाइव्ह (कोर्स न करता प्रशिक्षकासोबत मारायची बुडी) की रीतसर ओपन वॉटर कोर्स (डायव्हिंगचा पहिला प्रमाणपत्र कोर्स)? खोली कमी आणि हात धरायला माणूस, म्हणून ट्राय डाइव्ह सोपी वाटते. पण तिथे बऱ्याचदा घाईत फॉर्मवर सही होते, आणि 10 मीटरवरच दाब दुप्पट झालेला असतो. कोर्समध्ये मर्यादा 18 मीटर, तरी हृदयविकार लिहिला की डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय गाडी पुढे सरकत नाही. पेसमेकरवाल्यासाठी मला ही अडवणूकच बरी वाटते. स्नॉर्केलिंगमध्ये वर तरंगत राहिलात तर दाबाचा प्रश्न मिटतो, शॉकचा नाही. आयसीडीवाल्यांनी तेही कार्डिओलॉजिस्टला विचारूनच करावं.

परवानगी मिळालीच तर जॅकेटचा पट्टा कॉलरबोनखालच्या मशीनच्या उंचवट्यावर घासत नाही ना, ते किनाऱ्यावरच घालून पाहा. टाकी दुसऱ्याला उचलू द्या. आणि छातीवर जादा रेग्युलेटर अडकवायला चुंबकाची क्लिप असेल तर ती बदलून मागा. चुंबक मशीनपासून निदान 15 सेंटीमीटर लांब हवा.