ओल्या हातमोज्यांची परीक्षा: मोटरसायकल टूरिंगचं सामान, आठ महिन्यांनंतर

आधी काय वापरलं ते सांगून टाकतो. मागच्या सीटवरून दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या रोल-टॉप सॅडलबॅगांची जोडी, आत पावसाचं लायनर (पाणी अडवणारा सुटा थर) असलेलं मेश, म्हणजे जाळीचं जॅकेट आणि चालवताना एकमेकांशी बोलायला हेल्मेटला लावायचा मेश इंटरकॉम. तिन्ही वस्तू एकाच महिन्यात घेतल्या. त्याला आठ महिने झाले आणि 9,000 किलोमीटरच्या आसपास अंतर झालं. त्यातले जवळपास 2,000 एकाच सहलीतले: पाच मित्र, पाच गाड्या, नऊ दिवस, निम्मा रस्ता समुद्राला चिकटून आणि निम्मा डोंगरातून. माझी गाडी सिंगल सिलिंडर, ओझ्याला फार मोठी नाही. रोज कामावरही तिच्यावरच जातो, त्यामुळे हा अनुभव फक्त सुट्टीतला नाही.

खरेदीआधी मी ढीगभर अभिप्राय वाचले होते. जवळजवळ सगळे आठवड्याभराच्या वापराचे. बॅग टेबलावर ठेवून उघडलेली, जॅकेट घरातल्या आरशासमोर घातलेलं. सहलीच्या चौथ्या संध्याकाळी मला कळलं की या वस्तूंची खरी परीक्षा वेगळीच असते: अंधार पडतोय, हातमोजे भिजलेत, बोटं आखडलीत आणि पुढे चार जण इंजिन चालू ठेवून तुझीच वाट बघतायत. तेव्हा ती चेन, ते बक्कल, ते बटण किती झटक्यात जमतं? खाली जे लिहितोय ते सगळं याच मापाने.

जॅकेटपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त राग त्याच्यावर आहे.

किनाऱ्यावर हे जॅकेट अप्रतिम. जाळीतून वारा आरपार जातो, ऊन कितीही असलं तरी गाडी हलती असेपर्यंत अंग कोरडं राहतं. खांदे-कोपरांना ईएन 1621-1 या युरोपीय मानकाचे लेव्हल 2 पॅड आहेत, म्हणजे चाचणीत पॅडच्या पलीकडे सरासरी 20 किलोन्यूटनपेक्षा जास्त धक्का पोचत नाही. लेव्हल 1 ला ही मर्यादा 35 आहे. पाठीच्या खिशात मात्र नुसता फोमचा तुकडा होता. ही लबाडी बऱ्याच जॅकेटांत असते, त्यामुळे घेताना खिशात हात घालून पाहा. पॅडवर लेव्हलचा शिक्का नसेल तर तो फक्त आकार देण्यासाठी आहे असं समजा. मी पाठीचा पॅड वेगळा घेतला.

आता पाऊस. लायनर जॅकेटच्या आतून जोडायचं: दोन लांब चेन, मनगटाशी एकेक लूप, मानेमागे दोन प्रेस बटणं. घरी सोफ्यावर बसून मला तीन मिनिटं लागली होती. चौथ्या दिवशी दुपारी आम्ही समुद्र सोडून घाट चढायला लागलो, तेव्हा पाठ घामाने ओली होती. 1,000 मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. आम्ही त्याच्या दीडपट चढणार होतो, म्हणजे जवळजवळ दहा अंश. अर्ध्या वाटेवर धुकं आलं आणि धुक्यातून पाऊस. लायनर कुठे, तर डाव्या बॅगेच्या तळाशी, कपड्यांच्या खाली. ते काढेपर्यंत जॅकेट भिजलं. ओल्या बाहीतून हात काढताना आतलं अस्तर उलटं होऊन हाताबरोबर बाहेर आलं. चेनचा टोक्या एवढा बारीक की बोटांना तो लागतोय की नाही हेच कळेना. एक मित्र मोबाईलचा उजेड धरून उभा होता. तो शेवटी म्हणाला, "सोड रे, तसंच चल, पुढे थांबू कुठेतरी." तसाच गेलो.

पुढची चाळीस मिनिटं आठवली तरी अंगावर काटा येतो. लायनर जॅकेटच्या आतून लागतं, त्यामुळे बाहेरची जाळी पाणी पिऊन बसते, जड होते आणि त्यावरून वारा जाताना अंगातली ऊब ओढून नेते. लायनर नीट बसलं असतं तरी हे टळलं नसतं; अंग कोरडं राहिलं असतं इतकंच. थंडीने क्लचचा हात आधी बधिर झाला. एका हेअरपिन वळणावर पहिला गिअर समजून दुसऱ्यातच राहिलो, गाडी आचके देत बंद पडली आणि पाय टेकला तो ओल्या पानांवर. पडलो नाही, पण थोडक्यात.

दुसऱ्या दिवसापासून एका मित्राकडचा जादा रेनकोट जॅकेटच्या वरून घातला. एक मोठी चेन, तिच्यावर वेल्क्रोची पट्टी, संपलं. हेल्मेट न काढता, हातमोजे न काढता वीस सेकंदांत अंगावर. पाऊस नसतानाही डोंगरात तोच वारा अडवायला कामी आला. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: उन्हाळी जाळीचं जॅकेट घ्या, पण आतलं लायनर सोबत मिळतंय म्हणून रेनकोटाचा खर्च वाचला असं समजू नका.

टिकाऊपणात तक्रार नाही. शिवण कुठे उसवली नाही. मानेवर आणि काखेत घामाच्या मिठाचे पांढरे वळसे उमटतात, ते पॅड काढून साध्या पाण्यात हाताने धुतलं की जातात. पॅड परत घालताना डावा-उजवा आणि वरची बाजू बघून घाला. मी एकदा कोपराचा पॅड उलटा घालून महिनाभर हिंडलो.

सॅडलबॅगांची गोष्ट उलटी आहे. पहिल्या आठवड्यात त्या मला नकोशा झाल्या होत्या, आज त्या तिघांतल्या सर्वात आवडत्या आहेत.

ताडपत्रीसारखं जाड कापड, शिवणीऐवजी उष्णतेने जोडलेले सांधे, आणि तोंड गुंडाळून बक्कल लावायचं. पाणी आत येत नाही, याला एकच अट: तोंडाची किमान तीन वेळा घडी पडली पाहिजे. बॅग ठेचून भरली की दोनच घड्या पडतात आणि मग तीच बॅग गळते. पहिल्या सहलीत माझे मोजे असेच भिजले आणि मी बॅगेला शिव्या दिल्या. आता प्रत्येक बॅग तीन चतुर्थांशच भरतो. जड वस्तू तळाशी आणि पुढे, म्हणजे रायडरच्या जवळ. हत्यारं एका बाजूला गेली तर दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली आणि कुलूप. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) दोन पायऱ्या वाढवला, नाहीतर ओझ्याने मागचं बूड बसतं, पुढचं चाक हलकं होतं आणि वळणात गाडी बाहेर पळायला बघते.

बसवताना दोन चुका केल्या, त्या तुम्ही करू नका. उजव्या बॅगेचा खालचा कोपरा सायलेन्सरपासून चार बोटं दूर आहे असं उभ्या गाडीवर दिसत होतं. मागे ओझं आल्यावर, खड्ड्यात सस्पेन्शन दबल्यावर ते अंतर दोन बोटांवर येतं. परिणाम: कोपऱ्याला नाण्याएवढा वितळलेला डाग. वेळीच दिसलं म्हणून आरपार गेलं नाही. आता तिथे पत्र्याची छोटी ढाल आहे. दुसरं, बॅगेखाली पारदर्शक फिल्म न लावता गेलो. बॅग आणि पॅनलच्या मध्ये समुद्राची वाळू बसली आणि तिने सॅंडपेपरचं काम केलं. डाव्या पॅनलवरचा चकचकीतपणा कायमचा गेला.

वाळूचाच आणखी एक किस्सा. किनाऱ्यालगत फोटोसाठी थांबलो, साइड स्टॅंड लावला, चार पावलं गेलो तर मागून "अरे अरे अरे!" स्टॅंड हळूहळू वाळूत रुतत गेला आणि गाडी अगदी शांतपणे, एखाद्या म्हशीसारखी आडवी झाली. क्लच लिव्हर वाकला, आरसा फिरला, पण पॅनल आणि इंडिकेटर वाचले, कारण सगळा भार भरलेल्या बॅगेवर आला. तेव्हापासून टेलबॅगेत (सीटच्या मागच्या छोट्या बॅगेत) हाताच्या तळव्याएवढी लाकडी फळी असते. पाचांपैकी तिघांनी ती पुढे मागून घेतली.

सहाव्या महिन्यात एका बाजूचं प्लास्टिकचं बक्कल तडकलं. उत्पादकाला कळवलं, तीन आठवड्यांनी उत्तर आलं की सुटं बक्कल मिळत नाही, पूर्ण पट्टा घ्यावा लागेल. बक्कल कुठलंही चाललं असतं, पण यांच्या पट्ट्याची रुंदी अशी अडनिडी की सहज मिळणारं कुठलंच बसत नव्हतं. शेवटी एका चांभाराकडून पट्टा शिवून घेतला, धातूचं बक्कल लावलं. ते आज मूळपेक्षा बरं चालतं, हातमोजे घालूनही लागतं. दुसऱ्या बाजूचंही तसंच करून घेणार आहे.

मधे थोडं विषयांतर, पण समुद्राकडे जाणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. खारी हवा बॅगेला काही करत नाही, गाडीला करते. रोज रात्री मुक्कामावर गाडीवर साधं पाणी ओतायचं, ब्रेकची डिस्क गार झाल्यावर, जोराचा फवारा बेअरिंगवर न मारता. मग गाडीची चेन पुसून ल्यूब, म्हणजे वंगण. एकाने तीन दिवस कंटाळा केला, चौथ्या सकाळी त्याची चेन नारिंगी झाली होती आणि दोन कड्या वळतच नव्हत्या. चेन ओ-रिंगची होती, म्हणजे सांध्यांत रबरी कड्या असलेली; तिच्यात आतलं ग्रीस सुरक्षित असतं, म्हणून बाहेरचा गंज निघाला. साधी चेन असती तर बदलावी लागली असती.

आता इंटरकॉम. जुना ब्लूटूथ प्रकार साखळीसारखा चालतो: पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी जोडलेला. मधला एक मागे पडला की त्याच्या पलीकडचे सगळे गप्प. मेशमध्ये प्रत्येक जण जो जवळ असेल त्याच्यामार्फत जोडला जातो, त्यामुळे क्रम बदलला तरी बिघडत नाही. पाच जणांच्या गटाला हाच घ्यावा. खोक्यावर लिहिलेली रेंज मोकळ्या सरळ रस्त्याची असते. घाटात मधे डोंगराची सोंड आली की दोन वळणांचं अंतरसुद्धा पुरतं आवाज तोडायला. आम्ही त्यावर सोपा नियम केला: आवाज तुटला की लीडने, म्हणजे सगळ्यात पुढच्याने, वेग कमी करायचा, आणि वळणाला आपल्या मागचा आरशात दिसेपर्यंत कुणी पुढे जायचं नाही. इंटरकॉम नव्हता तेव्हाही हाच नियम होता, हे खरं.

त्याचे पैसे एका उतारावर वसूल झाले. चौदा-पंधरा किलोमीटरचा सलग उतार, शेवटून दुसरा असलेला आमचा मित्र मागच्या ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होता. अचानक कानात त्याचा आवाज: "मागचा ब्रेक लागत नाहीये रे. पॅडल खाली जातंय." लीडने लगेच सांगितलं, "गिअर खाली टाक, पुढचा हळू दाब, समोर रस्ता रुंद आहे, तिथे थांबू." सगळे थांबलो. डिस्कमधून जळका वास येत होता. ब्रेक ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दबते, म्हणून पॅडल नुसतं आत जातं. डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान 230 अंशांपर्यंत तग धरतं, 3.7 टक्के पाणी शोषल्यावर ही हमी 155 वर येते. त्याचं ऑइल तीन वर्षांचं होतं. अर्धा तास बसलो, ब्रेक परत आला, पुढचा उतार त्याने दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ब्रेकिंगवर काढला.

दोष सांगायचे तर बटणं. तीन बटणं एका रांगेत, सपाट, एकसारखी. उन्हाळी पातळ हातमोज्यांत जमतं. जाड हातमोज्यांत आवाज वाढवायला जावं तर गाणं लागतं. एका मित्राने अख्ख्या गटाला सव्वा तास स्वतःचं गुणगुणणं ऐकवलं, कारण त्याला म्यूट सापडत नव्हतं. मी मधल्या बटणावर गोंदाचा एक थेंब टाकून वाळवला. आता बोटाला तो उंचवटा लागतो. आयपी67 लिहिलंय, म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं, पण ती चाचणी गोड्या पाण्याची आणि चार्जिंगचं रबरी झाकण नीट बंद असताना. माझ्या झाकणाची जीभ पाचव्या महिन्यात सैल झाली, खाचेत हिरवट थर दिसायला लागला. मऊ ब्रशने साफ केला, चार्ज होतंय अजून. बॅटरी सुरुवातीला सकाळपासून मुक्कामापर्यंत पुरायची, आता संध्याकाळी पाचच्या सुमारास इशारा देते. दुपारच्या थांब्यावर पॉवर बॅंक लावतो. वेग वाढला की वाऱ्याच्या आवाजात बोलणं हरवतं. त्यावर आवाज वाढवण्यापेक्षा कानात फोमचे बोळे घाला. उलटं वाटतं, पण वारा दबतो आणि स्पीकर स्वच्छ ऐकू येतो.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर बॅगा त्याच घेईन, पट्टे पहिल्याच दिवशी बदलून. इंटरकॉम मेशच, पण फिरवायची गोल कळ असलेला. जॅकेट सध्या तरी हेच चालवतोय. त्याचं लायनर मात्र आता गाडी झाकायच्या कव्हरखाली, सीटवर अंथरलेलं असतं, आणि त्या कामाला ते खरोखर चांगलं आहे.